बाबांचं लंबवर्तुळ

माझे वडील कुठलीही गोष्ट पटकन मान्य करणाऱ्यातले नाहीत. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली. साहेब हवेत हात हलवून पूल सांगायचे आणि तो कागदावर उभा राहतो की नाही हे बाबा बघायचे. बऱ्याचदा तो उभा राहत नसे, आणि बाबा ते तोंडावर सांगत. त्यामुळे वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी मला सांगितलं, की सायकलला लंबगोल दातेरी चाक बसवल्यापासून आपला गुडघा सुधारलाय, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग राग आला.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच राहतो. माझं बालपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, ते बाबांच्या नावावर होतं. हे माझ्या नावावर आहे, आणि हा फरक घरात रोज कुठे ना कुठे डोकावतो. आई गेल्यापासून बाबांचे पेन्शनचे फॉर्म मी भरते, गोळ्यांच्या डब्या मी लावते, मोबाइल अडकला की तो सोडवते मी. त्यांनी कुरकुर न करता एकेक खातं माझ्याकडे सोपवलं. दोन गोष्टी मात्र त्यांनी हातच्या सोडल्या नव्हत्या. एक सकाळची सायकल. दुसरी, स्वतःच्या शरीराबद्दलचं स्वतःचं मत. कुठे दुखतंय, किती दुखतंय, किती चालवून घ्यायचं, हे तेच ठरवत. दुखणं ते सुतात मोजत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-फिटर लोकांचं माप. ‘आज दोन सूत आहे’ म्हटलं की समजायचं, चहा घेऊन निघणार. ‘आज पाच’ म्हणजे वर्तमानपत्र.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ते पाच-सहाच्या खाली येईनात. त्रास उजव्या गुडघ्याचा. चालताना फारसा नाही, पण सायकलवर पायडल अगदी वर आलं की गुडघा जेवढा दुमडायला हवा तेवढा दुमडत नसे, आणि तिथे कळ येई. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली आणि ‘आगे चलकर देखेंगे’ म्हणाले. त्या ‘आगे’ मध्ये ऑपरेशन आहे हे आम्हा दोघांना कळलं. बाबा घरी आले आणि सायकलवर बसले. फक्त फ्लायओव्हरचा चढ आला की उतरून सायकल हातात धरून चालायला लागले. शेजारच्या क्वार्टरमधल्या पंजाबी काकांनी मला ते एकदा दाखवलंसुद्धा.

त्याच सुमारास माझ्या भाच्याने बंगळुरूहून एक पार्सल पाठवलं. भाचा सायकलवेडा आहे. पार्सलमध्ये ॲल्युमिनियमचं एक काळं दातेरी चाक होतं. पायडलच्या दांड्याला जे पुढचं चाक असतं, ज्यावरून चेन मागे जाते, ते. ते गोल नव्हतं. एका बाजूने किंचित ओढल्यासारखं होतं, पण इतकं किंचित, की मी ते आधी सदोष माल समजले.

बाबांनी मला ते चित्र काढून समजावलं. पायडल समोर आडवं असतं तेव्हा पायात जोर असतो. ते अगदी वर किंवा अगदी खाली असतं तेव्हा पाय नुसता उभा दाबतो, त्यातून काही निघत नाही. त्यांनी तिथे पेन्सिलीने दोन ठिपके दिले आणि ‘मृत बिंदू’ असं लिहिलं. लंबगोल चाक असं बसवायचं, की जोर असतो तिथे चाक मोठं लागेल आणि मृत बिंदूपाशी लहान. म्हणजे कळ येते ती जागा पाय चटकन ओलांडून जाईल.

“पण पायडल तर तेवढ्याच वर जाणार ना?” मी विचारलं. “गुडघा तेवढाच दुमडणार.”

“दुमडणार तेवढाच. पण तिथे रेंगाळणार नाही.”

“हे अंडाकार चाक असं किती पटकन जाणार आहे?”

“अंडाकार हिंदी झालं. अंड्याचं एक टोक निमुळतं असतं. हे लंबवर्तुळ आहे.”

दिल्लीत वाढल्यामुळे असे बरेच मराठी शब्द माझ्या हातून गळालेत, आणि बाबा ते जिथल्या तिथे उचलून परत देतात. स्वतःच्या हिंदीकडे मात्र त्यांचं लक्ष नसतं. पन्नास वर्षं दिल्लीत काढूनही ते हिंदी शब्द मराठी अर्थाने वापरतात. नोकरीत असताना एकदा त्यांनी मीटिंगमध्ये अभिमानाने सांगितलं होतं, ‘मैंने इस नक्शे पर बहुत संशोधन किया है।’ हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. साहेबांनी विचारलं, आमचा मंजूर नकाशा तुम्ही कोणाच्या परवानगीने बदललात? ही गोष्ट आमच्या घरात हसून सांगितली जायची. तिच्यातून कोणी काही शिकलं नव्हतं.

बाबा भोळे होते असं कोणाला वाटू नये. एकदा सकाळी शांतिपथावर त्यांना एक महागडी सायकल दिसली, तिच्या पायडलचा दांडा सरळ नसून विजेसारखा नागमोडी होता. चालवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं की या आकारामुळे जास्त लिव्हरेज मिळतं. बाबांनी तिथल्या तिथे फूटपाथवर विटेच्या तुकड्याने आकृती काढली. दांडा मधे कितीही वळवा, आसापासून पायडलपर्यंतचं सरळ अंतर तेवढंच, तर जोरही तेवढाच. वळणाने फक्त वजन वाढलं. गृहस्थ निघून गेले. बाबा घरी येऊन मला म्हणाले, “लोक काहीही विकत घेतात.” हे म्हणणारा माणूस त्या वेळी लंबगोल चाकावर बसून आला होता.

चाक जानेवारीत बसलं होतं. बाबांचा पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून त्याच्या बाहेरून प्लॅस्टिकची गोल थाळीही लागली. दहा-बारा दिवसांत बाबा चार सुतांवर आले, मग तीनवर. मी म्हटलं, थंडी कमी होतेय. ते म्हणाले, होत असेल. मार्चमध्ये दोन. मी म्हटलं, रोज चालवताय म्हणून सांधा मोकळा झालाय. ते म्हणाले, चालवू शकतोय ते कशामुळे? एप्रिलमध्ये एके दिवशी ते घामाघूम होऊन आले आणि चपला न काढताच म्हणाले, “फ्लायओव्हर. न उतरता.” मी त्यांना पाणी दिलं. मला आनंद झाला होता, पण मी त्यांना तो दाखवला नाही, कारण तो दाखवला असता तर चाकाला श्रेय गेलं असतं.

माझा राग तिथला होता. मंत्रालयात माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी पाठवलेल्या प्रस्तावांवर टिपण लिहिणं. यात पुरावा नाही, यात आकडे नाहीत, सबब परत पाठवावा. दिवसभर हे करून घरी यायचं आणि जेवताना ऐकायचं, ‘मला जाणवतं ना, मग आणखी काय पुरावा पाहिजे?’ त्या चाकांबद्दल मी वाचलंही होतं. अशी चाकं पूर्वीही येऊन गेली होती, आणि त्यातल्या काहींची लांब बाजू नेमकी उलट्या दिशेला होती म्हणे. वापरणारे शपथा घेत, मोजणाऱ्यांचं आपसात एकमत नव्हतं. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ज्यांचं मोजलं त्यांचा गुडघा माझा नव्हता.”

मे महिन्यातल्या एका रविवारी सायकल पंक्चर झाली. बाबांना सर्दी होती, म्हणून मी ती ढकलत मार्केटच्या कोपऱ्यावर नेली. तिथे कडुनिंबाखाली एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांनी सायकल उलटी केली, चेन बघायला ती थाळी काढून बाजूला ठेवली आणि पायडल हाताने फिरवून सोडलं. दातेरी चाक फिरत राहिलं. मी सहज बघत होते, आणि मग नीट बघायला लागले. चाक गोल होतं.

“यहाँ एक दूसरा चक्का था,” मी म्हटलं. “थोड़ा लंबा सा.”

“वो अंडे वाला? वो तो कब का उतार दिया, मैडम।” त्यांनी मान न उचलता सांगितलं. “होली से महीना भर पहले। चेन उतर-उतर जाती थी। कभी टाइट, कभी ढीली। बाउजी बोले, चक्का ज़रा बराबर कर दो। मैंने बराबर कर दिया।”

मग माझ्या लक्षात आलं. बाबांना म्हणायचं होतं, बरोबर कर. नीट बसव, घट्ट कर. मराठीत बरोबर म्हणजे योग्य. दिल्लीच्या हिंदीत बराबर म्हणजे सगळीकडून सारखं. सगळीकडून सारखं चाक म्हणजे गोल चाक. मिस्त्रींनी सांगितलेलं काम चोख केलं होतं. थाळी परत लावली होती, बाबांना उकिडवं बसून तिच्यामागे डोकावता येत नव्हतं, आणि चेन पडायची थांबली होती. मिस्त्रींनी मागच्या पत्र्याच्या पेटीतून काळं चाक काढून माझ्या हातात दिलं. “सँभाल के रखा था। बढ़िया माल है, बस टेढ़ा है।”

म्हणजे मार्चमधले दोन सूत गोल चाकावरचे. फ्लायओव्हरही गोल चाकावरचा.

मी ते चाक ओढणीत गुंडाळून घरी आणलं आणि कपाटात ठेवलं. पुढचे पंधरा दिवस मी काही बोलले नाही. यात माझा चांगुलपणा होता असं मी म्हणणार नाही. हातात पक्का पुरावा असला की माणूस तो कधी काढायचा याची वाट बघतो, तशी मी बघत होते. बाबा रोज सायकल चालवून येत, ‘दीड सूत’ म्हणत, आणि मी ‘हो का?’ म्हणत असे.

मग फिजिओथेरपीची तारीख आली. डॉक्टरांकडून ती मिळवायला मी दोनदा खेटे घातले होते, त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती, रिक्षा खाली उभी होती. बाबा म्हणाले, “कशाला? माझं चाक माझं काम करतंय.”

मी कपाट उघडलं आणि ते काळं चाक टेबलावर, त्यांच्या कपबशीच्या शेजारी ठेवलं. “हे तुमचं चाक,” मी म्हटलं. “होळीच्या आधीपासून तुमच्या सायकलवर नाहीये. मिस्त्रींना तुम्ही बराबर करायला सांगितलंत, त्यांनी गोल बसवलं. जे काय जाणवत होतं ते गोल चाकावर जाणवत होतं.”

मला जिंकल्याचा आनंद झाला. अगदी स्वच्छ, भरपूर आनंद. बाबा चाक सोडून उठायला तयार नव्हते, म्हणून पायऱ्या उतरून मी रिक्षा परत पाठवली, तोवर तो टिकला.

वर आले तेव्हा बाबांनी ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढून चाकाचा व्यास दोन दिशांनी मोजला होता. दोन आकडे वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले होते. “हे लंबवर्तुळच आहे,” ते म्हणाले. मग पट्टी ड्रॉवरमध्ये परत ठेवत, “आणि मी गोलावर होतो.” त्यांच्या आवाजात ना राग होता, ना दुखावलेपण. एखाद्या नकाशात आपली चूक सापडल्यावर ते बोलत तसं ते बोलले. मला वाटलं, प्रकरण संपलं.

दुसऱ्या दिवशी ते सायकलवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, “सांगता येत नाही.” मला वाटलं रुसलेत, म्हणून मी चेष्टेवारी नेलं. पण बाबा रुसणारे नाहीत. त्यांचं मोजायचं साधन खोटं निघालं होतं आणि त्यांनी ते वापरणं बंद केलं होतं, एवढंच. नोकरीतही पट्टीची कड झिजली की ते ती पट्टी फेकून देत. जूनमध्ये मी त्यांना फिजिओथेरपीला नेलं, या वेळी ते निमूट आले. तिथल्या मुलीने गुडघा वाकवत विचारलं, “यहाँ दर्द होता है अंकल?” बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला काय माहीत? तिने आणखी वाकवला. त्यांच्या कपाळावर आठी आली. “होत असावं,” ते मला मराठीत म्हणाले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

नंतर मी जे केलं ते अपराधीपणाने केलं, हे सरळच सांगते. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी पुन्हा वाचायला बसले, पण या वेळी खोडून काढण्यासाठी नाही. लंबगोल चाकांपाशी मी पूर्वी होते तिथेच राहिले. पण पायडलच्या दांड्याची लांबी ही वेगळी गोष्ट निघाली. दांडा आखूड केला की पायडल कमी वर जातं, आणि सीट तेवढी उंच केली की वरच्या बाजूला गुडघ्याला पुष्कळ कमी दुमडावं लागतं. यात वाटण्या-न-वाटण्याचा प्रश्न नव्हता. ही भूमिती होती. गुडघा आखडलेल्या लोकांना असे दांडे लावून देतात, असंही वाचलं. एवढे महिने बाबांच्या चाकात खोट काढत बसले होते, त्याऐवजी हे अर्ध्या तासात सापडलं असतं.

शनिवारी मी झंडेवालानच्या सायकल मार्केटमध्ये गेले. दुकानदार म्हणाले, इतका छोटा दांडा मुलांच्या सायकलला लागतो, मॅडम, मोठ्यांना शोभत नाही. मी म्हटलं, शोभायला नकोय. कडुनिंबाखालच्या मिस्त्रींकडून तो बसवून घेतला. या वेळी काय हवंय ते मी चार वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आणि संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.

बाबांनी सायकल लगेच बघितली नाही. त्यांनी कागद मागितला. मांडी एक रेघ, पोटरी दुसरी रेघ, मधे गुडघा म्हणून बारीक वर्तुळ. माझ्याकडून टेपने स्वतःच्या पायाची मापं घेऊन त्यांनी ती प्रमाणात उतरवली. जुना दांडा, नवा दांडा. कोनमापक लावला, दोन्ही कोन लिहिले, वजाबाकी केली. कितीतरी दिवसांनी ते मला पूर्वीसारखे दिसले.

“फरक पडायला हवा,” ते म्हणाले. “चांगला पडायला हवा.”

“मग उद्या बघा चालवून.”

“बघतो.”

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत उभी राहिले. ते हळू निघाले, पहिल्या दोन-चार फेऱ्यांत पाय चाचपडले, मग लय लागली. गुडघा वर येताना थांबत नव्हता, हे तिसऱ्या मजल्यावरूनही दिसत होतं. चाळीस मिनिटांनी ते परत आले. मी खाली धावत गेले.

“कसा होता गुडघा?”

ते विचारात पडले. खरोखरच विचारात पडले, डोळे मिटून, आतून काही ऐकू येतंय का बघावं तसे. मग डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, “वरून बघत होतीस ना? कसा वाटला?”

“छान,” मी म्हटलं. “मोकळा वाटला.”

“हां,” ते म्हणाले आणि सायकल स्टँडला लावली.

शेजारचे पंजाबी काका दूध घेऊन येत होते. बाबांना इतक्या दिवसांनी सायकलपाशी बघून त्यांनी लांबूनच हाक दिली, “ओहो, शुरू हो गए! घुटना कैसा है अब?”

बाबांनी माझ्याकडे मान वळवून त्यांना सांगितलं, “बेटी कहती है, ठीक है।”